जुनी स्पोर्ट्‌स मोटार पारखताना

बाजारातून आंबे आणताना आपण काय करतो? आंबा हातात घेऊन पाहतो, देठाशी वास घेतो, हलकेच दाबून पाहतो. आंबेवाला काय सांगतो ते ऐकतो, पण विश्वास ठेवतो तो आपल्या नाकावर आणि बोटांवर. जुनी मोटार घेतानाही हेच करायचे असते. फरक एवढाच, की आंबा नासका निघाला तर चार पैसे जातात. मोटारीचा ब्रेक नासका निघाला तर जीव जाऊ शकतो.

जुन्या मोटारीच्या व्यवहारात विकणाऱ्याला सर्व ठाऊक असते आणि घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसते. ही विषमता कमी करण्याचे साधन तुमच्या आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. लोहचुंबक, घर्षण, उष्णता, दाब, गंजणे, दोलने हे धडे तुम्ही परीक्षेसाठी वाचता. आज तेच धडे घेऊन आपण एका मोटारीभोवती फेरी मारू.

उदाहरणादाखल आपण एक खरी मोटार घेऊ: जपानच्या माझ्दा कंपनीची एम.एक्स.-५. ती फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. दोनच आसने, कापडी टप, १.६ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती आणि वजन अवघे ९५० किलोग्रॅमच्या आसपास. १९६० च्या दशकातील लोटस एलानसारख्या इंग्रजी उघड्या मोटारींचा आदर्श तिच्यापुढे होता. तिचा पहिला अवतार १९९७ पर्यंत निघाला. २०१६ मध्ये एम.एक्स.-५ मालिकेतील दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. आपल्या रस्त्यांवर ही गाडी क्वचितच दिसेल; परंतु ब्रिटन, अमेरिका, जपान येथे जुनी स्पोर्ट्‌स मोटार घेऊ पाहणारे तरुण पुष्कळदा तिच्याकडेच वळतात. तुमच्यापैकी कुणाचा मामा किंवा चुलतभाऊ तिकडे असेल तर त्यालाही हा लेख वाचून दाखवा. आणि घरी काका जुनी मारुती घेणार असतील, तर यातले बहुतेक सारे तिलाही लागू पडते.

उजेड आणि कोरडेपणा

पहिला नियम असा की गाडी दिवसा, उन्हात आणि कोरडी असताना पाहावी. हे का, ते समजून घ्या. रंगावर बारीक ओरखडे असले की त्यांवर पडलेला प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि ओरखडा पांढुरका दिसतो. गाडी ओली असली की त्या खाचा पाण्याने भरतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि विखुरणे कमी होते. म्हणून नुकतीच धुतलेली गाडी नवीकोरी भासते. पावसात किंवा दिव्याच्या उजेडात सौदा करू नये तो यासाठी.

आता गाडीच्या एका टोकाला उभे राहा आणि तिच्या अंगावर तिरप्या नजरेने पाहा. विजेचा खांब किंवा खिडकीचा गज यांचे प्रतिबिंब रंगात दिसेल. चांगल्या पत्र्यात ते प्रतिबिंब सलग वळण घेत जाते. जेथे ते अचानक थरथरल्यासारखे, वेडेवाकडे दिसते तेथे पत्रा ठोकून सरळ केलेला असण्याचा संभव असतो. दारे, बॉनेट, डिकी यांच्या कडांच्या फटीही पाहा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या फटी सारख्या हव्यात. एका बाजूची फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर गाडीने कधीतरी जबर मार खाल्ला आहे असे समजा.

लोहचुंबकाची साक्ष

खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा, पातळ कापडात गुंडाळलेला, म्हणजे रंगाला ओरखडा पडणार नाही. कारखान्यातला रंगाचा थर साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा, फार तर त्याहून थोडा अधिक असतो. त्यातून चुंबक पोलादी पत्र्याला घट्ट धरतो. परंतु खळगा पुट्टीने भरून वर रंग मारलेला असेल तर पत्रा आणि चुंबक यांत काही मिलिमीटरांचे अंतर पडते. चुंबकाचे आकर्षण अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते. त्यामुळे तेथे चुंबक सैल धरतो किंवा घसरून पडतो.

येथे एक सावधगिरी हवी. या माझ्दाचे बॉनेट ॲल्युमिनियमचे आहे. तेथे चुंबक मुळीच चिकटणार नाही आणि त्यात काही लबाडी नाही. उलट, या गाडीच्या बॉनेटला चुंबक चिकटला तर मात्र विचारा, की बॉनेट का बदलले? कोणतेही उपकरण वापरताना ते काय मोजते आणि काय मोजत नाही हे आधी ठाऊक असावे लागते.

गंज: सर्वांत महत्त्वाची तपासणी

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पाण्यात मीठ असेल तर पाणी अधिक विद्युतवाहक होते आणि क्रिया वेग घेते. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाला चिकटते. आपल्या कोकणात आणि गोव्यात तेच काम समुद्राचा खारा वारा करतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि रंगावर फोड येतात. दिसणारा फोड शेंगदाण्याएवढा असला तरी आतले नुकसान तळहाताएवढे असू शकते.

एम.एक्स.-५ मध्ये गंज कोठे शोधायचा? दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत पोलादी पत्र्याची पोकळ पेटी जाते. तिला सिल म्हणतात. टपावर पडलेले पावसाचे पाणी आसनांमागे गोळा होते आणि दोन नळ्यांतून खाली, मागच्या चाकांच्या पुढे, रस्त्यावर गळते. या नळ्यांत पाने आणि माती अडकली की पाणी सिलच्या पोकळीत उतरते व तेथेच मुरते. म्हणून मागच्या चाकाच्या लगेच पुढे सिलचा जो भाग आहे तो बोटाने चाचपून पाहा, खाली वाकून पाहा. मालकाच्या परवानगीने नळीच्या तोंडाशी पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते थोड्याच वेळात गाडीखाली टपकले पाहिजे. टपकले नाही तर ते कोठे गेले, हे तुम्हीच सांगा!

आता कुणी म्हणेल, थोडासा पत्रा गंजला तर एवढे काय बिघडले? त्याचे उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण लावून ते चिकटपट्टीने सर्व बाजूंनी पक्के करा आणि दोन्ही टोके धरून पिळण्याचा प्रयत्न करा. खोके फारसे दाद देणार नाही. आता झाकण काढून पुन्हा पिळा. तेच खोके पिळवटते. बंद मोटारीचे छत हे त्या झाकणासारखे आहे. उघड्या मोटारीला छत नाही, म्हणून वाकवणारे आणि पिळणारे बल बव्हंशी गाडीचा तळ आणि दोन्ही बाजूंच्या सिल यांनाच सोसावे लागते. म्हणजे सिल हा या गाडीचा कणाच म्हणायचा. कण्याला कीड लागलेली गाडी रंगाने कितीही झळकली तरी अपघाताच्या क्षणी आतल्या माणसाला वाचवू शकत नाही. इंजिन दुसरे बसवता येते. सिल कापून नवी जोडणे हे खर्चाचे आणि कसबी कारागिराचे काम आहे. म्हणून कणा कुजलेला असेल तर पुढचे काही तपासण्याच्या फंदात न पडता नमस्कार करून निघावे.

आणखी एक सूचना: केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खाली पाहायचे असेल तर गॅरेजमधील खड्डा किंवा पक्के आधार वापरावेत, आणि सोबत जाणते माणूस असावे.

टायर बोलतात

टायर रस्त्याला जेथे टेकतो तेथेच झिजतो. हवा कमी असेल तर मधला भाग आत दबतो आणि दोन्ही कडा झिजतात. हवा जास्त असेल तर मधला भाग झिजतो. एकच कड झिजली असेल तर चाकाचा कोन बिघडला आहे. हे साध्या जुळणीने सुधारेल किंवा गाडीचा सांगाडाच वाकलेला असेल. कोणते ते जुळणीच्या यंत्रावर कळते. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे टायरवरील खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. टायर गोटा झाला की ओल्या रस्त्यावर पाणी निघून जायला वाट राहत नाही, चाक पाण्याच्या थरावर चढते आणि घर्षण जवळजवळ नाहीसे होते.

टायरच्या बाजूवर चार अंकी संख्या असते. ती ३५१८ असेल तर टायर २०१८ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. हौसेची गाडी पुष्कळदा वर्षानुवर्षे नुसती उभी असते. तिच्या टायरच्या खाचा खोल असतात, पण रबर कडक होऊन भेगाळलेले असते. अशा टायरवर भरवसा ठेवू नये.

आता गाडीचा एक कोपरा हातांनी खाली दाबून सोडून द्या. स्प्रिंगला टांगलेले वजन खाली ओढून सोडले की ते बराच वेळ वरखाली होते. मोटारीत तसे होऊ नये म्हणून शॉक ॲब्सॉर्बर असतो. तो दोलनाची ऊर्जा तेलाच्या घर्षणाने उष्णतेत बदलतो. कोपरा एकदा वर येऊन स्थिर झाला तर ठीक. तो दोनतीनदा नाचला तर शॉक ॲब्सॉर्बर संपला. नाचणारे चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, आणि जे चाक टेकत नाही ते ब्रेकही लावू शकत नाही.

ब्रेकचे गणित

समजा, दोन माणसांसह गाडीचे वस्तुमान ११०० किलोग्रॅम आहे आणि वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर आहे. तिची गतिज ऊर्जा

½ × ११०० × २५ × २५ = ३,४३,७५० ज्यूल

इतकी होते. ही ऊर्जा सुमारे एक लिटर थंड पाण्याला उकळी आणायला पुरेल. गाडी थांबवली की ही जवळजवळ सारी ऊर्जा ब्रेकच्या लोखंडी तबकड्यांत उष्णता म्हणून उतरते. चारही तबकड्या मिळून १८ किलोग्रॅम लोखंड आहे असे धरा. लोखंडाची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅम-अंशाला सुमारे ४६० ज्यूल. तर एकदा थांबण्याने तबकड्यांचे तापमान सुमारे ४२ अंश सेल्सियसने चढते. तबकड्या झिजून वस्तुमान १२ किलोग्रॅम उरले असेल तर तेच तापमान सुमारे ६२ अंशांनी चढेल. आता ३०० मीटर उंचीचा डोंगर केवळ ब्रेकवर उतरायचा म्हटले तर सुमारे ३२ लाख ज्यूल, म्हणजे नऊदहा वेळा थांबण्याइतकी उष्णता निर्माण होते. म्हणून तबकडीची जाडी मोजणे ही चैन नव्हे. किमान जाडी किती हवी हे बहुधा तबकडीवरच कोरलेले असते. बोट फिरवून काठाशी उंच कड लागते का तेही पाहा, मात्र तबकडी थंड असताना.

ब्रेकच्या तेलाचेही एक वैशिष्ट्य आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ठराविक प्रमाणात पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. तापलेल्या ब्रेकमध्ये असे तेल उकळते आणि वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय पॅडलवर असतो, पॅडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून तेल शेवटचे कधी बदलले ते विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर ते बदलण्याचा खर्च हिशेबात धरा.

इंजिनाची नाडी

मालकाला आधीच सांगून ठेवा, की इंजिन थंड असू द्या. गेल्याबरोबर बॉनेटला हात लावा. ते कोमट लागले तर कुणीतरी इंजिन आधी चालवून ठेवले आहे. थंड इंजिनात तेल घट्ट असते आणि खाली उतरलेले असते. भागांमधील मोकळी जागाही नेहमीसारखी नसते. दोष बोलतात ते याच वेळी. या माझ्दाच्या इंजिनात सकाळी थोडा वेळ टकटक आवाज येणे नवलाचे नाही, कारण झडपांखालचे तेलाने भरणारे भाग भरायला वेळ लागतो. इंजिन तापल्यावरही आवाज चालू राहिला तर मात्र चौकशी करावी.

धुराचा रंग पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढऱ्या धुराबाबत घाई करू नका. पेट्रोल हे हायड्रोकार्बन आहे. ते जळले की पाणी तयार होते. ऑक्टेनचे समीकरण मांडलेत तर ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी मिळते, म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी! थंडीत ही वाफ पांढरी दिसणारच. पण इंजिन पुरते तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर ते पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे. ऑईल भरायचे झाकण उघडून आतून पाहा. दह्यासारखा घट्ट थर असेल तर तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्या. गाडी फक्त थोड्या थोड्या अंतरासाठी वापरली तरी असा पातळ थर धरतो, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना मुळीच उघडू नका. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापलेले असते; दाब सुटताच ते उसळून चेहरा भाजू शकते.

यापुढची परीक्षा मेकॅनिककडून करून घ्यावी. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजतात. या इंजिनात वायू ९.४ पट आकुंचित होतो. तापमान स्थिर राहिले असते तर बॉइलच्या नियमाप्रमाणे दाबही ९.४ पट झाला असता. पण आकुंचन झटपट होते, हवा तापते आणि दाब त्याहून अधिक चढतो. एका सिलिंडरचा आकडा किती, यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी किती जुळतात हे पाहावे. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीनचतुर्थांशाहून खाली असेल तर काहीतरी गळते आहे. अशा सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने ती फट भरली. वाढला नाही तर झडप किंवा गॅस्केट यांवर संशय घ्यावा.

१९८९ ते १९९१ च्या सुमाराच्या पहिल्या गाड्यांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते आणि तेथील खाच झिजण्याचा दोष आढळे. इंजिन चालू असताना पुढची मोठी पुली डगमगते का ते दुरून पाहा. हात, ओढणी, सैल बाही पट्ट्याजवळ नेऊ नका. दातेरी टायमिंग पट्टा साधारण एक लाख किलोमीटरला बदलतात. या १.६ लिटर इंजिनात तो तुटला तर गाडी जागीच बंद पडते, पण झडपा पिस्टनवर आदळत नाहीत. १९८० च्या दशकातील पोर्शे ९४४ मध्ये पट्टा तुटला तर झडपा वाकतात आणि इंजिनाचा मोठा भाग उघडावा लागतो. म्हणून तेथे पट्टा बदलल्याची पावती पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आकड्यांची उलटतपासणी

मीटरवरचा आकडा हे एकच मोजमाप आहे आणि ते बदलता येते. प्रयोगशाळेत आपण एकच राशी दोनतीन पद्धतींनी मोजतो. येथेही तेच करा. पॅडलचे रबर, स्टिअरिंगचे चामडे, चालकाचे आसन यांची झीज आकड्याशी जुळते का? रबर गुळगुळीत आणि मीटर तीस हजारांवर, असे असेल तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या गाड्यांची सर्वसाधारणपणे दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि त्या वेळी मीटरचा आकडाही नोंदला जातो. त्या नोंदी ओळीने मांडल्या तर आलेख सतत चढता हवा. तेथे जपानहून आलेल्या गाड्याही बऱ्याच आहेत. त्यांचे मीटर मुळात किलोमीटर दाखवणारे असते. ६०,००० हा आकडा मैल की किलोमीटर हे विचारलेच पाहिजे, कारण ६०,००० मैल म्हणजे सुमारे ९६,५०० किलोमीटर. शेवटी चासी क्रमांक कागदाशी अंक न् अंक ताडून पाहा.

निर्णय कसा घ्यावा?

घरून निघतानाच एक कागद करा. त्यावर तीन रकाने आखा: जिवाशी संबंध असलेले दोष, पैशाने दुरुस्त होणारे दोष, नुसते दिसण्याचे दोष. पहिल्या रकान्यात कुजलेली सिल किंवा वाकलेला सांगाडा आला तर सौदा सोडावा. ब्रेक आणि टायर याच रकान्यातले, पण ते बदलता येतात. ते बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. दुसऱ्या रकान्याची बेरीज किमतीतून वजा करावी. तिसऱ्या रकान्याकडे पाहून हसावे. बहुतेक माणसे नेमके उलट करतात. त्यांना रंगावरचा ओरखडा खटकतो आणि चकाकीखालचा गंज दिसत नाही. आपल्याला गाडी आवडली आहे ही भावना वाईट नव्हे, परंतु ती तपासणी संपेपर्यंत खिशात ठेवावी. आधी निष्कर्ष ठरवून मग पुरावे गोळा करणे प्रयोगशाळेत चालत नाही, ते बाजारातही चालू नये.

करून पाहा

१. लोहचुंबक आणि लोखंडी कपाट यांमध्ये वहीचा एक, दोन, पाच, दहा असे कागद घाला. चुंबक केव्हा घसरतो ते नोंदवा. एका कागदाची जाडी वहीच्या शंभर पानांची जाडी मोजून काढा.

२. शाळेच्या सायकल-स्टँडवरील दहा सायकलींच्या टायरांची झीज पाहा. मागचा टायर अधिक झिजतो की पुढचा? का?

३. दोन माणसांसह ११०० किलोग्रॅमची हीच गाडी ताशी ४५ किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा किती? वेग निम्मा झाला म्हणून ऊर्जा निम्मी झाली का?